ग्राइंडर, ब्रेकर आणि बधीर होणारी बोटं: सोलापूरच्या कारागिरांनी ओळखायला हवा असा आजार

रात्री दोन-तीनच्या सुमाराला हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला, थोडा चोळला की बरं वाटतं आणि पुन्हा डोळा लागतो. सकाळी साइटवर गेल्यावर मशीन हातात घेतलं की रात्रीचं सगळं विसरायला होतं. फरशी बसवणारे, वेल्डिंग आणि ग्रिलचं काम करणारे, भिंती फोडून पाइप टाकणारे, आरसीसीच्या कामावर व्हायब्रेटर धरणारे असे कितीतरी कारागीर ही तक्रार वर्षानुवर्षं अंगावर काढतात. घरात तेल कोमट करून हात चोळून दिले जातात. 'काम केलं की हात दुखणारच' एवढ्यावर विषय संपतो.

पण थकल्यामुळे दुखणारा हात आणि मशीनच्या थरथरीनं बिघडलेला हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थकलेला हात एका सुट्टीत ताजातवाना होतो. थरथरीनं बिघडलेल्या हाताला सुरुवातीला थांबवता येतं, पुष्कळदा सुधारताही येतं. मात्र एका मर्यादेपलीकडे गेल्यावर तो कायमचा तसाच राहतो. ज्या घरात सगळा संसार एका उस्तादाच्या दोन हातांवर चालतो, तिथे हा फरक वेळेवर कळणं फार महत्त्वाचं आहे.

हाताच्या आत नेमकं काय होतं?

साधा चार इंची ग्राइंडर घ्या. त्याची चकती मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेते. म्हणजे सेकंदाला १८० पेक्षा जास्त. चकती थोडी झिजलेली असेल, नीट मध्यावर बसलेली नसेल, बेअरिंग ढिलं असेल, तर प्रत्येक फेऱ्याला एक बारीक झटका हातात येतो. ब्रेकरचं उलट आहे. त्याचे ठोके मिनिटाला हजार-दीड हजार, म्हणजे तुलनेनं कमी. पण प्रत्येक ठोका जोरदार, आणि तो मनगट, कोपर, खांदा असा वर चढत जातो.

ही थरथर बोटांमधल्या दोन नाजूक गोष्टींवर घाव घालते. एक म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या आणि दुसरी म्हणजे नसांची टोकं. रक्तवाहिन्या पटकन आकसायला लागतात. नसांना स्पर्श, गरम-थंड, टोचणं यांच्या खबरा नीट पोहोचवता येत नाहीत. शिवाय मनगटाच्या आत हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामधून एक अरुंद बोळ जातो. त्यातून बोटं वळवणाऱ्या दोऱ्या आणि एक मोठी नस जाते. सतत घट्ट पकड, वाकलेलं मनगट आणि थरथर या तिन्हींमुळे तिथे सूज येते, नस दाबली जाते. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि त्याच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू रात्री मुंग्यांनी भरते ती बहुतेक वेळा यामुळे. करंगळी यातून सुटते. त्यामुळे 'करंगळीलाही मुंग्या येतात का?' हा प्रश्न डॉक्टर विचारतात तो उगीच नाही.

एक गोष्ट कारागिरांच्या लक्षात येत नाही. मशीन जितकं घट्ट धराल तितकी थरथर हातात जास्त शिरते. नवा पोरगा मशीनला घाबरून मूठ आवळून धरतो, त्यामुळे सगळ्यात जास्त मार त्यालाच बसतो. जुना हात मशीनला त्याच्या वजनानं काम करू देतो, फक्त दिशा देतो.

सोलापूरचं ऊन हा आजार झाकून ठेवतं

या आजाराचं जगभर माहीत असलेलं लक्षण म्हणजे पांढरी पडणारी बोटं. थंडीत कामगाराची बोटं शेंड्यापासून एकेक पेर पांढरीफटक होतात, मेल्यासारखी गार पडतात, आणि रक्त परतलं की लाल होऊन ठणकतात. थंड देशांमध्ये हे पाहूनच आजार ओळखला गेला.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीच्या वर. बोटं पांढरी व्हायला लागते ती गारठ्याची वेळच वर्षातले बहुतेक दिवस येत नाही. मग कारागीर म्हणतो, मला काही झालेलं नाही. डॉक्टरलाही दिसत नाही. रक्तवाहिन्यांची ही खूण उन्हानं दडून राहते, पण नसांचं नुकसान ऊन थांबवत नाही. उष्ण भागांतल्या कामगारांमध्ये मुंग्या, बधिरपणा आणि पकड ढिली होणं याच तक्रारी पुढे येतात. बोट पांढरं नाही म्हणून हात ठीक आहे असं आपल्या गावात समजू नये.

वर्षातले काही दिवस मात्र खूण दिसू शकते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास येतो. फज्रच्या वेळी नळाच्या थंडगार पाण्यानं वुजू करताना एखादं बोट पांढरं पडलं, त्या पेराला पाणी लागल्याचं कळलंच नाही, असं झालं तर ती नुसती थंडी नव्हे. भल्या सकाळी मोटरसायकलवरून साइटवर जाताना असं होत असेल तरी तेच. घरातल्या कुणीतरी त्या वेळी मोबाइलवर हाताचा फोटो काढून ठेवावा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत हात पुन्हा नेहमीसारखा दिसतो आणि दाखवायला काही उरत नाही.

बाकीच्या खुणा रोजच्या कामांत सापडतात. कुर्त्याची बारीक बटणं लावायला वेळ लागतो. चहाचा कप हातातून निसटतो. खिशात हात घालून नाणं एकाचं की दोनचं हे चाचपून कळत नाही. सजद्यात तळहात टेकवून उठताना मनगटात कळ जाते. काम थांबवल्यावर दहा-पंधरा मिनिटं हात झिणझिणणं हीसुद्धा सूचनाच, की आज हातानं झेपेल त्यापेक्षा जास्त घेतलं.

बेडफर्डचा चुनखडक आणि आपली शहाबादी

हा आजार मांडण्याचं मोठं श्रेय डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांना जातं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बेडफर्ड नावाचं गाव आहे, चुनखडकाच्या खाणींसाठी प्रसिद्ध. तिथल्या पाथरवटांच्या हातात हवेच्या दाबावर चालणारे हातोडे आले आणि काही वर्षांत त्यांची बोटं 'मरायला' लागली. १९१८ च्या हिवाळ्यात हॅमिल्टन तिथे गेल्या आणि त्यांनी कामगारांचे हात तपासले. जवळजवळ सगळ्यांमध्ये हा त्रास निघाला. डावा हात, म्हणजे छिन्नी धरणारा हात, जास्त बिघडलेला होता. पुढच्याच वर्षी त्या हार्वर्ड विद्यापीठातल्या पहिल्या महिला अध्यापक झाल्या. पण बेडफर्डचं पुढे काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. साठ वर्षांनी, १९७८ मध्ये, अमेरिकी सरकारच्या तज्ज्ञांनी त्याच भागातले पाथरवट पुन्हा तपासले. बहुतेकांना तोच त्रास होता. आजार कळला होता, अहवाल छापला होता, हातोडे तसेच चालू होते.

सोलापूरकरांना हे दूरचं वाटायला नको. आपल्या जुन्या घरांच्या अंगणात आणि ओट्यांवर असलेली शहाबादी फरशी हीसुद्धा चुनखडकच आहे. गुलबर्ग्याकडच्या रेल्वेमार्गावरच्या शहाबादवरून तिला हे नाव पडलं. पूर्वी ती छिन्नी-हातोडीनं घडवली जाई. आता शहाबादी असो, कडप्पा असो, ग्रॅनाइट असो की व्हिट्रिफाइड टाइल, कटरशिवाय हात लागत नाही. काम पटपट होतं हे खरंच. एका खोलीचं जे काम चार दिवस चालायचं ते दोन दिवसांत आटपतं. पण वाचलेले दोन दिवस कारागिराच्या विश्रांतीत जात नाहीत, पुढच्या साइटवर जातात. हातोडीच्या काळात हात थकला की आपोआप थांबावं लागे. मशीन थांबत नाही, म्हणून हातही थांबत नाही. माझ्या मते सगळी गोम इथे आहे.

किती वेळ मशीन धरलं तर चालतं?

युरोपीय संघानं २००२ मध्ये यासाठी नियम केला. थरथर मोजायचं एक माप असतं, मीटर प्रति सेकंद वर्ग. आठ तासांच्या दिवसात सरासरी अडीचपेक्षा जास्त थरथर हातात गेली तर मालकानं ती कमी करायला पावलं उचलायची, आणि पाच ही शेवटची हद्द. त्यापुढे कामगाराला काम देताच येत नाही.

या आकड्यांचा हिशेब साधा नाही, पण तो कळला की डोळे उघडतात. थरथर दुप्पट झाली तर परवानगीचा वेळ निम्मा होत नाही, चौथ्या हिश्शावर येतो. पाच मापाची थरथर देणारं मशीन त्या हद्दीत आठ तास चालवता येतं. दहा मापाचं फक्त दोन तास. पंधरा मापाचं जेमतेम पाऊण-एक तास. चांगल्या स्थितीतला छोटा ग्राइंडर चार ते आठच्या दरम्यान असतो. हॅमर ड्रिल आणि ब्रेकर सहज दहाच्या पुढे जातात, जुने झाले की आणखी वर. हा वेळ फक्त मशीन प्रत्यक्ष चालू असतानाचा धरायचा, चहा-नाश्ता आणि मापं घेण्याचा नव्हे.

म्हणजे स्लॅब फोडायला सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एकाच माणसाला ब्रेकरवर उभं केलं, तर त्याच्या हातात एका दिवसात कितीतरी दिवसांचा मार जातो. आपल्याकडे हे रोज होतं, कारण काम उक्तं असतं. फुटावर पैसे ठरलेले असतात, थांबलं की नुकसान. कारागिराला 'विश्रांती घे' असं सांगणं सोपं आहे. त्यापेक्षा दोघांनी आलटून पालटून मशीन धरणं जमण्यासारखं आहे. वीस मिनिटं एकानं फोडायचं, तेवढ्या वेळात दुसऱ्यानं मलबा उचलायचा, मग अदलाबदल. कामाचा वेग तेवढाच राहतो. पण यात उस्तादानं मशीन सोडायला हवं. 'पोराच्या हातात दिलं तर बिघडवेल' ही सबब बाजूला ठेवायला हवी.

गणवेशाच्या कारखान्यातला उजवा हात

सोलापूर हे आता शाळेच्या गणवेशांचंही गाव आहे, आणि तिथलं कटिंगचं मशीन बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरायचे आणि उभ्या पात्याचं विजेचं मशीन त्यातून ढकलत न्यायचं. मशीन खालच्या पट्टीवर टेकलेलं असतं, त्यामुळे थरथर ब्रेकरएवढी नसते. त्रास असतो तो पकडीचा आणि वाकण्याचा. कटिंग मास्टरचा उजवा हात तासन् तास एकाच मुठीत आवळलेला, डावा कापड दाबून, कंबर टेबलावर झुकलेली. शाळा उघडायच्या आधीच्या महिन्यांत ऑर्डरी अंगावर येतात तेव्हा हे दहा-बारा तास चालतं. पातं बोथट असेल तर ढकलायला दुप्पट जोर लागतो. वेळच्या वेळी धार लावणं हा इथे सगळ्यात स्वस्त उपाय आहे. टेबल कंबरेच्या उंचीला येईल असं विटांवर चढवणं हा दुसरा.

खांद्याचंही असंच. फॉल्स सीलिंगवाले दिवसभर हात डोक्याच्या वर करून ड्रिल मारतात. हात खांद्याच्या वर असताना स्नायूला रक्त कमी पोहोचतं, त्यात दोन-तीन किलोचं मशीन. घोडी एक पायरी उंच घेतली तरी बराच भार उतरतो.

हातमोज्यांवर फार भरवसा नको

'ग्लोव्हज घालतो ना' असं अनेकजण सांगतात. साधे रबरी किंवा कापडी हातमोजे ओरखडे वाचवतात, हात गरम ठेवतात, पण थरथर फारशी अडवत नाहीत. 'व्हायब्रेशनविरोधी' म्हणून महाग विकले जाणारे मोजेसुद्धा ब्रेकरच्या जड ठोक्यांपुढे थिटे पडतात. जाड मोजा घातला की पकड आणखी आवळावी लागते, हे वेगळंच. आणि ढिला मोजा किंवा हाताला गुंडाळलेलं फडकं फिरत्या चकतीत अडकलं तर बोटच जातं.

खरा उपाय मशीनच्या आत आहे. बेअरिंग वाजायला लागलं की बदलायचं. ब्रेकरचा पॉइंट बोथट झाला की लोहाराकडून धार करून आणायची. चकती योग्य मापाची आणि न तुटलेली हवी. चार इंची ग्राइंडरचं गार्ड काढून पाच इंची चकती बसवण्याची खोड आपल्याकडे सर्रास आहे. त्यानं थरथर तर वाढतेच, पण चकती तिच्या मर्यादेपेक्षा जास्त वेगानं फिरून फुटली तर तोंडावर येते. बाजूचं हँडल काढून एका हातानं ग्राइंडर चालवणं हीसुद्धा तीच खोड. नवं मशीन घेताना वॅट आणि किंमत विचारतो तसं सोबतच्या पुस्तिकेत थरथरीचा आकडा दिलाय का तेही पाहावं. चांगल्या कंपन्या तो छापतात.

तंबाखूचा विषय इथे टाळता येत नाही. बिडी-सिगारेट असो, गुटखा असो की मावा, निकोटिन बोटांच्या रक्तवाहिन्या आकसून टाकतं. मशीनही तेच करतं. दोघं मिळून काम लवकर उरकतात.

कायद्यात नाव नाही

सोलापूर गिरण्यांचं गाव. कापसाच्या धुळीनं होणारा छातीचा आजार आणि मागाच्या आवाजानं येणारा बहिरेपणा हे दोन्ही १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होते. २९ आजारांची ती यादी, जे आढळले तर सरकारला कळवणं बंधनकारक. दगडाच्या धुळीचा सिलिकोसिसही त्यात होता. थरथरीनं होणारा हाताचा आजार मात्र त्यात नव्हता. ब्रिटननं १९८५ मध्येच त्याला कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत घेतलं होतं. यादीत नसलेला आजार मोजला जात नाही, आणि मोजला नाही तो सरकारला दिसत नाही.

तरीही दोन दरवाजे उघडे आहेत. फरशी, प्लंबिंग, वेल्डिंग, रंगकाम, सेंटरिंग असं बांधकामाचं काम करणाऱ्या १८ ते ६० वयाच्या कुणालाही, वर्षभरात ९० दिवस काम केलं असेल तर, महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. ठेकेदाराचा ९० दिवसांचा दाखला मागताना लाजू नये, तो हक्क आहे. आणि दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना कामगार विमा योजना लागू होते. पगारातून कपात होत असेल तर कार्ड मागून घ्यावं आणि वापरावं.

दवाखान्यात काय सांगायचं

आपले लोक सिव्हिलमध्ये किंवा मोहल्ल्यातल्या डॉक्टरकडे जातात, 'हात बधीर होतोय' म्हणतात, नसांच्या ताकदीच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेऊन येतात. कधीकधी शरीरात जीवनसत्त्व कमी असतंही, मधुमेह असतोही, म्हणून साखर तपासणं योग्यच. पण साखरेच्या मुंग्या बहुतेक वेळा पायांपासून सुरू होतात. पाय ठीक आणि हातच बधीर, त्यातही मशीन धरणारा हात जास्त, असं असेल तर कामाचा विचार आधी व्हायला हवा. नस कुठे आणि किती दाबली गेली आहे हे नसांचा वेग मोजणाऱ्या तपासणीतून कळतं.

अडचण अशी की केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'मजुरी' एवढंच लिहिलं जातं. त्यातून डॉक्टरला काहीच कळत नाही. स्वतःहून सांगा: कोणतं मशीन, दिवसातून किती तास, किती वर्षं, कोणत्या बोटांना, रात्री जाग येते का, सुट्टीच्या दिवशी कमी होतं का. नाव आठवत नसेल तर मशीनचा मोबाइलमधला फोटो दाखवला तरी चालतो.